भार्गवीच्या घरातली मराठी कोणी बंद केली?

तंजावूरच्या भार्गवीवर अन्याय झाला तो गेल्या जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, शाळेच्या ऑफिसात, पंखा चालू आणि दार उघडं असताना. वय अकरा, इयत्ता सहावी. तिच्या आईला समोर बसवून सांगण्यात आलं की मुलीच्या डोक्यात तीन भाषांचा काला झालाय; तमिळ लागते, इंग्रजी लागते, तेव्हा घरातली मराठी आजपासून बंद. आईनं मान हलवली, घरी येऊन आजीला सांगितलं आणि पुढचे सात महिने त्या घरात मराठी बंद राहिली.

हा अन्याय कोणी केला हे मला तंजावूरला पोचल्यावर चौथ्या दिवशी कळलं. तुम्हालाही तेव्हाच कळेल. मी चार दिवस भलत्याच माणसांवर खेकसत फिरले, तुम्ही निदान खुर्चीत बसून फिरा.

आधी दोन मिनिटं शरीरशास्त्र. भार्गवीच्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक चिमुकला तुकडा जन्मापासून नाही. डॉक्टर त्याला डिलीशन म्हणतात, भार्गवीच्या घरी नुसतं ‘बावीस’ म्हणतात. या बाविसानं तिच्या हृदयाला भोक दिलं, ते वर्षाची असताना शिवलं. टाळू नीट मिटत नाही म्हणून बोलणं नाकातून येतं. आणि आठवणीची तऱ्हा अशी की कानातून आलेलं चिकटतं, डोळ्यांतून आलेलं निसटतं. ऐकलेलं वाक्य महिन्यानंतरही जसंच्या तसं. पाहिलेला रस्ता, आकृती, चेहरा, फळ्यावरची वजाबाकीची मांडणी मात्र पाच मिनिटांत गायब. तुकडा तोच गळाला तरी सगळ्या मुलांचं सारखं नसतं. माझ्या धाकट्या भावाचा हाच तुकडा गळालाय. त्याला रस्ताही आठवत नाही आणि वाक्यही नाही, आइस्क्रीमवाल्याची वेळ तेवढी बिनचूक आठवते. त्याच्यामुळे मी या कामात पडले. सोलापुरात आमचा पालकगट आहे आणि गटाची पत्रकं मी लिहिते. मुद्दे पाडून, ठळक अक्षरांत.

भार्गवीच्या आईचा, सुधाताईंचा, निरोप डिसेंबरात आला. त्या विमा कार्यालयात नोकरी करतात, नवरा चेन्नईला असतो. निरोपात एकच गोष्ट तीनदा होती: “फोनवर नको. तुमच्या गटातलं कोणीतरी स्वतः येऊन शाळेशी बोला.” मला वाटलं, बाई बिचारी घाबरली आहे. गेले.

सोमवार, राजवाड्यामागे

माझ्या पाठीवर दोनशे पत्रकं होती. गुळगुळीत कागद, झकास देवनागरी. साडेतीनशे वर्षं मराठी बोलत राहिलेल्या लोकांकडे जायचं, तर मराठीतूनच जावं हा माझा बाणेदार विचार.

सुधाताईंचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, वॉशिंग मशीन, गॅलरीत कढीपत्ता. दार तुळजाबाईंनी उघडलं. या सुधाताईंच्या आई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. पाठ ताठ, दोन्ही नाकपुड्यांत खडे. मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते उलटं धरलं, मग सुलटं धरलं आणि परत दिलं.

“छान छापलें आहे. मला हें वाचतां येत नाही.”

“पण आज्जी, तुम्ही मराठी ना?”

“बोलायला मराठी. वाचायला तमिळ. तुम्हांस तमिळ वाचतां येतें का?”

“नाही.”

“मग जालें की. दोघीही अडाणी. जेवायला बसा.”

दुपारपर्यंत गल्लीतल्या चार मराठी घरांत जाऊन आले. सगळीकडे प्रेमानं कॉफी, सगळीकडे पत्रक उलटं. एका काकांनी ते फोनसमोर धरून इंग्रजी करून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. माझ्या ‘हक्काची लढाई’चं तिथं ‘उजव्या हाताचं युद्ध’ झालं होतं. ते गंभीरपणे म्हणाले, “विषय अवघड आहे.”

जेवणात पिठलं होतं आणि शेजारी चिंचेचं काळं, तिखट वत्तकुळंबु. पिठल्यात खोबरेल तेलाची फोडणी. सोलापुरात हे केलं तर सुनेला माहेरी पाठवतील. मी तीनदा घेतलं. तुळजाबाईंचं बोलणं ऐकताना वाटत होतं की जुन्या बखरीतली एक बाई उठून मला भात वाढते आहे आणि मधूनच म्हणते आहे, “रसम थोडें विडू का?” विडू म्हणजे सोडू, हे मला ताटात रसम सांडल्यावर कळलं.

चारला भार्गवी शाळेतून आली आणि तुळजाबाईंची मराठी तिथंच थांबली. वाक्य अर्धं होतं. पुढचं तमिळमधून आलं, सपाट आवाजात. ऑपरेटर ग्राहकाशी बोलतो ना, नंबर काय, थांबा, लाईन व्यस्त आहे, तसं. जेव, हात धू, दप्तर ठेव.

सुधाताई कामावरून आल्यावर मी त्यांना पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. भार्गवी कोपऱ्यात मुरुक्कू, म्हणजे तिथली चकली, खात होती. वाचून झाल्यावर ती उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं पत्रक म्हणाली, माझ्या सोलापुरी हेलात, नाकातून. तिसऱ्या परिच्छेदात मी खोकले होते, तिथं ती खोकली.

त्या घरात भार्गवीच्या तोंडून सात महिन्यांनी मराठी ऐकू येत होती. तुळजाबाई उठून आत गेल्या आणि नळ सोडला.

मी टाळ्या वाजवल्या. सुधाताई म्हणाल्या, “वाजवू नका. पहिलीतल्या टीचरनं पण वाजवल्या होत्या.” खरं होतं ते. पोर धडाधड पाठ म्हणते म्हणजे हुशार. हुशार असून वजाबाकी येत नाही म्हणजे आळशी. चार वर्षं तिला आळशी म्हणत होते, या टाळ्यांच्या जोरावर.

मग भार्गवी पाणी आणायला गेली आणि जरा वेळानं रिकामा पेला घेऊन बाहेरच्या जिन्यावरून परत आली. थकली की तिला स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते सापडत नाही. त्या घरात त्यांना दोन वर्षं झाली आहेत.

“अक्का,” ती मला म्हणाली, “तुम्ही फार मोठ्यानं बोलता. इथं कोणी बहिरं नाही.”

रात्रीच्या जेवणाला तुळजाबाईंनी जाहीर केलं की गुरुवारी त्या पापनाशमला जाणार, बहिणीकडे, कायमच्या. मला बाजूला घेऊन कारण सांगितलं, तेवढं मराठीत. “मी इथें असलें की तोंडातून निघतेंच. झोपेंत निघतें. पोरीचें नुकसान माझ्यामुळें नको.”

माझ्या हातात तीन दिवस होते.

मंगळवार, दारासमोर

जानेवारीचा पहिला पंधरवडा, मार्गळी महिना. सकाळी सहाला सगळी गल्ली ओणवी. तांदळाच्या पिठाचे ठिपके मांडून त्यांना वेटाळत एक न तुटणारी रेघ काढायची, ती कोलम. आपली रांगोळी त्यापुढे निबंधासारखी, ही मात्र भूमिती. डोळ्यांनी पाहून हात चालवायचा. म्हणजे बाविसामुळे जे जे नाही, ते सगळं या एका कामात लागतं.

भार्गवीनं पाच ठिपक्यांचं काढायला घेतलं आणि तिसऱ्या ठिपक्यापाशी रेघ नाल्याकडे निघाली.

“मागच्या वर्षी नऊ ठिपक्यांचं काढायची,” सुधाताई म्हणाल्या.

“कसं?”

“अम्मा पायरीवर बसून सांगायची. पाहायचं नाही, ऐकायचं. वर जा, थेंबाला वळसा, खालीं ये, शेजारणीच्या पोटाखालून नीघ. वजाबाकी पण तशीच. शेजारीं जा, दहा माग, आपल्या घरीं आण, शेजारणीचा एक उणा कर. पाचवीत वजाबाकी बरोबर यायची तिची.”

मी पायरीवर बसकण मारली. तीस वर्षं नंबर ऐकून जोडण्या करणाऱ्या बाईनं, जे पोरीच्या डोळ्यांतून आत जात नव्हतं, ते सगळं कानातून आत घातलं होतं. कुठल्याही शिबिराशिवाय. आणि जूनपासून ते बंद.

“मग तमिळमध्ये सांगायचं ना तेच,” मी म्हणाले. किती साधा उपाय.

“सांगितलं. भार्गवी म्हणाली, हे आज्जीचं नाही. तिला अर्थ नाही आठवत, ताई, शब्द आठवतात. दुसऱ्या भाषेत घातलं की सगळं नवीन. पुन्हा एकपासून.”

मी बाह्या सरसावल्या आणि सोलापुरी मराठीत सुरू केलं: “ठिपक्याच्या वरून घे, मग गोल फिरव…”

भार्गवी पीठ चिमटीत धरून थांबली. “अक्का, तसं नाही. आज्जीचं वेगळं.” तरी माझ्या आग्रहाखातर तिनं रेघ ओढली. जे झालं ते सायकलखाली आलेल्या खेकड्यासारखं दिसत होतं. समोरच्या मामींनी येऊन कौतुकानं पाहिलं आणि हे सोलापूरचं डिझाईन का, असं विचारलं.

तुळजाबाई वरच्या गॅलरीतून बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

बुधवार, ओरत्तनाडु

शाळेविरुद्ध तक्रार घ्यायला शिक्षण खात्याचा जो साहेब होता तो म्हणे त्या दिवशी ओरत्तनाडूला कॅम्पवर होता. तक्रार तीन पानी होती, पहिलाच शब्द ‘निषेध’, इंग्रजीतून. तासाभराचा बसचा प्रवास, दोन्हीकडे भात, कानाशी ड्रायव्हरची गाणी.

ओरत्तनाडूला मराठा राजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्रम आहे, वाटसरूंना जेवूखाऊ घालायला बांधलेलं. आपल्याकडची एक सहलीची बस तिथं उभी होती. फेटे बांधून लोक कमानीखाली फोटो काढत होते, एकाला गहिवरून आलं होतं. मी त्यांना विचारलं की राजवाड्यामागे जिवंत मराठी माणसं राहतात, त्यांच्याकडे जाणार का? “वेळापत्रकात नाही,” म्हणाले. दगडांना मराठी आली असती तर यांनी त्यांच्याशीही गप्पा मारल्या नसत्या, फोटोच काढले असते.

साहेब जेवायला गेले होते आणि संध्याकाळपर्यंत जेवतच होते. कॅम्पमध्ये विशेष मुलांची तपासणी करणाऱ्या शिक्षिका होत्या, सेल्वी मॅडम. त्यांनी आपल्या डब्यातला लिंबूभात अर्धा मला दिला आणि माझी तीन पानं तोंडी लावायला घेतल्यासारखी वाचली. आम्ही इंग्रजीतून बोललो.

“दोन भाषा, तीन भाषा, त्यानं या मुलांचं नुकसान होत नाही,” त्या म्हणाल्या. “एक जमत नाही म्हणून दुसरी काढून घेतली, तर पहिली वाढत नाही. उलट जिच्यातून पोरगी शिकत होती तीच गेली. हे शाळेनं कुठून काढलं?”

“मनानं.”

“छे. ती हेडमिस्ट्रेस मला माहीत आहे. कागद असल्याशिवाय ती खिडकी उघडत नाही. कागद मागा.” मग माझ्या निषेधावर बोट ठेवून म्हणाल्या, “आणि हे आधी देऊ नका. हे वाचून कोणी कागद दाखवत नाही.”

गुरुवार, शाळा

सकाळी निघालो तेव्हा तुळजाबाई डबा बांधत होत्या. शाळेत हेडमिस्ट्रेसनी आम्हाला बसवलं, कॉफी मागवली. बारीक चणीच्या, नीटनेटक्या बाई. मी प्रस्तावना केली ती अशी की त्यांची कॉफी निवली. एका मुलीची मातृभाषा तोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आधार काय? कागद दाखवा.

सुधाताई खाली बघत होत्या. मला वाटलं, भीती.

हेडमिस्ट्रेस उठल्या, कपाटातून फाईल काढली, फाईलमधून लॅमिनेट केलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

कागदाच्या कोपऱ्यात सूर्य होता, एक किरण गळालेला. तो सूर्य मी काढलाय. आमच्या गटाचं इंग्रजी पत्रक, ‘पालक आणि शिक्षकांसाठी दहा मुद्दे’. मुद्दा सहावा, त्याखाली हिरव्या पेनानं पट्टीनं मारलेली रेघ: मुलाचा गोंधळ टाळण्यासाठी घरात आणि शाळेत एकच भाषा वापरा.

“तुमचंच आहे ना?” त्या म्हणाल्या. आवाजात खोच नव्हती, ते जास्त लागलं. “मला या मुलांबद्दल काही माहीत नव्हतं. आईनं जूनमध्ये हा कागद दिला. मी दहाही मुद्दे पाळले. पहिल्या बाकावर बसवते, सूचना छोट्या देते, फळ्यावरचं उतरवायला लावत नाही. सहावाही पाळला.”

सहावा मी लिहिला होता. एका रविवारी, गटाच्या बैठकीत. नऊ मुद्दे झाले होते आणि दहा हवे होते, नऊचं पत्रक अपुरं दिसतं. कोणीतरी म्हणालं, भाषेचं काहीतरी टाका. पटण्यासारखं वाटलं. कोणत्याही डॉक्टरला विचारलं नाही, कोणत्याही आजीला विचारलं नाही. मध्ये घातला, म्हणजे भरतीचा वाटू नये.

मी सुधाताईंकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“त्यांनी वाचून दाखवला ना, त्या दिवशी. म्हणून तर म्हटलं, तुमच्यातलं कोणी स्वतः या.”

“मग चार दिवस बोलला का नाहीत?”

“पाहुण्याला कसं सांगायचं, ताई? जेवत होतात.”

माझी तीन पानं पिशवीतच राहिली. मी हेडमिस्ट्रेसचं हिरवं पेन मागितलं. लॅमिनेशनवर शाई धरेना. मग कात्रीनं प्लास्टिक कापलं, सहावा मुद्दा खोडला, शेजारी लिहिलं: हा चुकीचा आहे, मी लिहिला होता. सही केली. त्यांना तेवढं पुरेना. वेगळं पत्र हवं, तारीख हवी, गटाच्या नावानिशी हवं. सगळं दिलं. भार्गवीनं परीक्षेत वजाबाकी पुटपुटत केली तर तिला गप्प बसवायचं नाही, हेही त्या पत्रात घातलं. त्यांनी वाचलं, शिक्का मारला आणि फायलीत लावलं.

“आजींना पण तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं तर त्या मलाच दोष देतील.”

घरी आलो तर डबाही नव्हता आणि तुळजाबाईही नव्हत्या.

शुक्रवार, पापनाशम

सुधाताईंनी रजा टाकली, भार्गवीची शाळा बुडवली. तंजावूरहून पापनाशम गाडीनं जेमतेम अर्धा तास. स्टेशनाबाहेर पडलं की भाताचा वास लागतो. बहिणीचं घर बसस्टँडमागे, पुढे ओटा. ओट्यावर दोघी बहिणी केळफूल सोलत बसल्या होत्या. दोघींचे केस सारखे, साड्या सारख्या, नाकात खडे सारखे.

भार्गवी धावत गेली ती थेट बहिणीच्या गळ्यात.

तिथं कोणी हसलं नाही. बहीणबाई अवघडून बसल्या. शेजारी तुळजाबाई हातात केळफुलाचं पान धरून होत्या, आणि गप्प. हाक मारायची तर मराठीत आली असती.

मी ओट्याखाली उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. शाळेनं केलं नाही, आम्ही केलं. कागद आमचा, मुद्दा माझा, खोटा. मराठीनं पोरीचं काही बिघडलं नाही, बंद केल्यानं बिघडलं. माफ करा.

“तुम्ही लिहिलें?” तुळजाबाईंनी विचारलं.

“हो.”

“कां?”

“वाटलं म्हणून.”

त्यांनी केळफुलाचं पान सुपात ठेवलं. “मी तीस वर्षें लाईन जोडल्या. चुकीची लागते. माणूस आहे, लागणारच. मग सॉरी म्हणायचें, तोडायची, परत जोडायची. एका मिनिटांत. सात महिने कोण्ही धरून ठेवतें का?”

मग त्या बहिणीला बिलगलेल्या भार्गवीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “इकडें ये, कण्णा. ती मी नव्हे.”

भार्गवीनं मान वळवली. चेहऱ्याकडे नीट पाहिलंही नाही, आवाजाकडे गेली आणि मांडीला मांडी लावून बसली. “किती दिवस फोन ठेवून दिला होता तू,” ती म्हणाली, मराठीत. मग लगेच, “तुझ्या बहिणीला घामाचा वास येतो.”

“मला मराठी कळतें, गाढवे,” बहीणबाई म्हणाल्या.

दुपारी ओट्यावर खडूनं वजाबाकी मांडली गेली. बावन्न उणे सदतीस. तुळजाबाईंनी सुरू केलं, शेजारीं जा, दहा माग. भार्गवी दहा मागायला गेली आणि पुढचं विसरली. पुन्हा. पुन्हा विसरली. पाचवीत येत होतं ते अर्धं पुसलं गेलंय. शब्द आहेत, पण कोणता केव्हा हे हललंय. चौथ्यांदा तिनं खडू फेकून दिला. तुळजाबाईंनी तो उचलून आणला, पदराला पुसला आणि तिच्या हातात दिला. “घाई कोणाला आहे? मी रिटायर आहें.” पाचव्यांदा पंधरा आले. त्या रविवारी आजी-नात दोघी तंजावूरला परतणार होत्या. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. जमेल का, सुधाताईंनी मला विचारलं. मला माहीत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पालकाला सांगितलं.

सोलापूरला येऊन गटात हे सगळं वाचून दाखवलं. एक ज्येष्ठ म्हणाले, जाहीर कशाला करायचं, लोकांचा विश्वास उडेल. उडू दे. ते पत्रक किती छापलं, किती जणांनी पुढे पाठवलं, कुठल्या शाळेच्या कपाटात पडलंय, आम्हाला ठाऊक नाही. त्यात एक घर वडारी बोलणारं असेल, एक कन्नड, एक बंजारा. तिथंही कोणीतरी आजी नळ सोडून उभी असेल.

तर तुम्ही, हे वाचणारे, उठा. किरण गळालेला सूर्य असलेलं पत्रक तुमच्याकडे, तुमच्या फोनमध्ये, मुलाच्या शाळेच्या भिंतीवर असेल तर शोधा. सहावा मुद्दा पेनानं काट मारून खोडा, फाडून टाकू नका. चूक दिसली पाहिजे. ज्या घराला तुम्ही तो वाचून दाखवला असेल, पाठवला असेल, त्या घरी आज संध्याकाळच्या आत जा. फोनवर नको. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून सांगा: आमचं चुकलं, तुम्ही पोराशी तुमच्या भाषेत बोला, आत्ता, आमच्यादेखत.